वजनाचा न जुळणारा ताळेबंद

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीने माझ्या अंगी एक सवय मुरवली. दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर कोणी घरी जायचे नाही. फरक दहा रुपयांचा असो की दहा हजारांचा, तो कुठल्या तरी नोंदीत दडलेला असतो आणि चिकाटीने शोधला की सापडतोच, अशी माझी श्रद्धा होती. ही श्रद्धा मी एकदा नको त्या ठिकाणी वापरली. त्याची खंत हेच या लेखाचे निमित्त.

माझ्या पत्नीचे वजन चाळिशीनंतर वाढू लागले. तिने भात कमी केला, गोड सोडले, पहाटे उठून योगासने केली. चार-सहा महिन्यांत दोन-तीन किलो कमी होत आणि पुढल्या वर्षात तितकेच परत येत. असे अनेक वेळा झाले. एके दिवशी जेवताना, सूनबाईंच्या देखत, मी तिला म्हणालो, "वही जुळत नाही, म्हणजे कुठेतरी नोंद राहते आहे. तू खातेस आणि विसरतेस." तिने उत्तर दिले नाही. ताटात अन्न टाकण्याची आमच्या घरी रीत नाही, म्हणून समोरचा फुलका तेवढा संपवला आणि ती उठून गेली.

निवृत्तीनंतर तीच पाळी माझ्यावर आली.

आठ महिन्यांची वाटचाल

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच तपासणीत उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, कंबर १०१ सेंटिमीटर अशी नोंद झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.३ होती. "मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहात," असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मी दुसऱ्याच दिवसापासून पहाटे पाऊण तास भरभर चालू लागलो. रात्रीचा भात बंद केला. मिठाईच्या डब्याकडे पाठ फिरवली.

पहिल्या तीन महिन्यांत चार किलो वजन उतरले. भेटणारा प्रत्येक जण कौतुक करू लागला. त्यानंतर मात्र काटा ७८ वर जो थांबला, तो हलेचना. मी आणखी एक फुलका कमी केला, चालणे एक तासावर नेले. पुढचे पाच महिने काटा ७७.८ आणि ७८.४ यांच्यामध्येच फिरत राहिला. हितचिंतक सांगत, "जरा मनापासून करा." पावसाळ्यात भिजत चालून येणाऱ्या माणसाला हे वाक्य किती लागते, ते मला तेव्हा कळले. आणि माझेच जुने वाक्य आठवून मला लाज वाटली.

राहून गेलेल्या नोंदी

अखेर एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी कोणताही तक्ता दिला नाही. "सात दिवसांचा रोजमेळ लिहा," एवढेच म्हणाल्या. तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू, स्वयंपाकघरातील लहान काट्यावर तोलून, खाण्याच्या आधी लिहायची. रात्री आठवून लिहिलेले चालणार नाही. बँकेच्या माणसाला हे काम अवघड नव्हते. अवघड होते ते सात दिवसांनी ती वही वाचणे.

दुपारी मी धाकट्या भावाच्या कापड-दुकानात बसतो. गिऱ्हाइकाबरोबर चहा येतो, तो मीही घेतो. घरचे आणि दुकानाचे मिळून दिवसाचे पाच चहा आणि त्यांतली ३५ ग्रॅम साखर, म्हणजे १४० उष्मांक. गल्ल्याशेजारच्या डब्यातील काजू-बदामांची मूठ ३० ग्रॅमची, तिचे १७५. फुलके मी मोजत होतो, पण त्यांवरचे तूप कधी मोजले नव्हते. दिवसाच्या सहा फुलक्यांवर अर्धा-अर्धा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम तुपाचे १३५ उष्मांक. भाजीवर भुरभुरलेली २५ ग्रॅम शेव, तिचेही सुमारे १३५. शिवाय सकाळचे 'चरबी विरघळवणारे' लिंबूपाणी. कोणी मध घालण्यास सांगितले होते. मध आपल्याकडे वर्ज्य, म्हणून मी गूळ घालत होतो. गूळ आणि साखर यांच्या उष्मांकांत नाममात्र फरक असतो, हे मला ठाऊकच नव्हते. १५ ग्रॅम गुळाचे ५५ ते ६० उष्मांक दिवसाच्या आरंभीच खाती पडत होते.

बेरीज सुमारे ६४० झाली. यांतील एकही वस्तू मी 'जेवण' समजत नव्हतो. उलट बाजूला, माझ्या वजनाच्या माणसाने पाऊण तास भरभर चालले, तर बसून राहण्याच्या तुलनेत जेमतेम दीडशे उष्मांक जास्त खर्च होतात. काजू-बदामांची एक मूठ पहाटेचे सारे चालणे फेडून टाकत होती.

असे माझ्या एकट्याचेच होते असे नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी अशा दहा व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांचे म्हणणे होते की दिवसाला १२०० पेक्षाही कमी उष्मांक घेऊन आपले वजन उतरत नाही. विशिष्ट प्रकारचा हायड्रोजन व ऑक्सिजन असलेले पाणी पाजून शरीराचा प्रत्यक्ष खर्च मोजण्याची एक पद्धत आहे. ती वापरल्यावर दिसले, की या व्यक्तींनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि आपले श्रम ५१ टक्क्यांनी जास्त सांगितले होते. त्यांचे चयापचय मंद नव्हते. मात्र त्यांना खोटे ठरवणे अन्यायाचे होईल. खाल्लेले विसरणे आणि श्रम लक्षात राहणे हा मनुष्यस्वभाव आहे. दुकानात आपण केलेली उधारी पुसट आठवते, दुसऱ्याकडची येणी मात्र तारखेसह आठवतात, तसेच हे.

शरीराची काटकसर

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग तुमचे पत्नीला बोललेले वाक्य बरोबरच होते. मलाही क्षणभर तसेच वाटले. परंतु हा हिशेबाचा अर्धाच भाग आहे.

बँकेच्या खात्यात आपण कमी भरणा केला, म्हणून बँक आपला खर्च कमी करत नाही. शरीर तसे करते. मंदी आली की जाणता व्यापारी दुकानातील जादा दिवे मालवतो, नवी भरती थांबवतो. अन्न कमी मिळू लागले की शरीर हेच करते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण विश्रांतीच्या अवस्थेतील शरीराचा खर्च त्याहून अधिक प्रमाणात, सुमारे ४० टक्क्यांनी, उतरला. त्यांना सतत थंडी वाजे, उत्साह राहत नसे आणि मनात अन्नाखेरीज दुसरा विचार येत नसे.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील वजन घटवण्याच्या दूरचित्रवाणी-स्पर्धेचे आहे. त्या स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली आणि निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते. त्यांतील ४१ किलो परत आले होते. तरीही त्यांच्या शरीराचा विश्रांतीतील खर्च, त्यांच्या आकारमानाच्या माणसाकडून अपेक्षित असतो त्यापेक्षा, रोज सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच राहिला होता. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात (२०११) वजन उतरवलेल्या व्यक्तींच्या रक्तातील भूक वाढवणारी व तृप्ती देणारी संप्रेरके वर्षानंतरही पूर्ववत झालेली नव्हती. म्हणजे वर्ष उलटले तरी शरीर गमावलेले वजन परत मागतच होते.

व्यायामाचेही असेच आहे. टांझानियातील हाद्झा लोक शिकार आणि कंदमुळे यांवर जगतात व दिवसभर पायपीट करतात. २०१२ मध्ये त्यांचा ऊर्जाखर्च मोजला गेला, तेव्हा शरीराचे आकारमान लक्षात घेता तो बैठे काम करणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच निघाला. शरीर एका खात्यात जास्त खर्च झाला की दुसऱ्या खात्यात हात आखडता घेते, असा त्याचा अर्थ लावला जातो. मीही पहाटे एक तास चालून आल्यावर उरलेला दिवस गादीवर टेकून काढत होतो, हे रोजमेळ लिहितानाच माझ्या लक्षात आले.

तेव्हा पत्नीच्या वहीत काही नोंदी राहून गेल्या असतीलही; पण ज्या वहीतील खर्चाची बाजू स्वतःहून आक्रसत जाते, ती न जुळल्याचा दोष लिहिणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

काट्याला न दिसणारे

वजनाच्या आकड्यावर सर्व भिस्त ठेवणे आपल्या लोकांच्या बाबतीत तर विशेष फसवे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्यावरून जगाला कळले. म्हणूनच आपल्याकडे २३ पासून पुढचा बीएमआय जास्त वजनाचा व २५ पासून पुढचा स्थूलतेचा मानतात. आणि कंबर पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावी असे सांगतात. बीएमआयपेक्षा कंबरेची फीत आपल्याला अधिक खरे सांगते.

वयाबरोबर स्नायूंना घसारा लागतोच. केवळ उपासमार करून वजन उतरवले, तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि शरीराचा रोजचा खर्च आणखी घटतो. आपल्या शाकाहारी ताटात फुलका, भात, पापड, गोड यांची गर्दी असते आणि डाळ वाटीच्या तळाशी असते. आहारतज्ज्ञ बाईंनी माझे जेवण कमी केले नाही, त्याची मांडणी बदलली. घट्ट वरण किंवा उसळ, दही, पनीर आणि न्याहरीला मुगाचा चिला यांना आधी जागा. उरलेल्या भुकेला फुलके. शिवाय आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. दुसरा भाग आपण जवळजवळ सगळे विसरतो.

उपवास आणि वजन

पर्युषणात अठाई केलेल्यांचे वजन तीन-चार किलोंनी उतरलेले आपण पाहतो आणि पारण्यानंतर पंधरवड्यात त्यातील बरेच परत आलेलेही पाहतो. यात नवल नाही. आपल्या यकृतात व स्नायूंत मिळून सुमारे अर्धा किलो साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. उपवासात प्रथम हा साठा व ते पाणी जाते. पारण्यानंतर प्रथम तेच परत येते. तपाचा हेतू वजन उतरवणे हा नव्हेच, तेव्हा तपाला या काट्यावर तोलूही नये. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

परंतु एक गोष्ट मला अंतर्मुख करून गेली. माझ्या राहून गेलेल्या नोंदींची यादी मी पुन्हा वाचली: तूप, साखर, गूळ, तळलेली शेव, चहातील दूध. काजू-बदाम वगळता ही आपल्या विगईंचीच यादी होती. पूर्वसूरींनी रसत्यागासाठी नेमक्या त्याच वस्तू निवडल्या, ज्यांची मोजदाद माणूस विसरतो. आणि भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याच्या ऊनोदरीला त्यांनी अनशनाच्या बरोबरीने बाह्य तपांत स्थान दिले. आठ दिवसांचा उपवास आपण मिरवणुकीने साजरा करतो; रोजच्या ऊनोदरीची मिरवणूक निघत नाही. तरीही शरीराला झेपेल आणि वर्षानुवर्षे टिकेल असे काही असेल, तर ते रोजचे आणि थोडे थोडेच असते.

घराचे खाते

आहार ही एकट्याची बाब नसते. बाईंनी दुसरा अभ्यास दिला तो घराचा. महिन्याचे किराणा बिल काढा, तेल-तूप किती आले ते पाहा आणि माणसांत व दिवसांत भागा. आमच्या सहा माणसांच्या घरी आठ लिटर तेल आणि दोन किलो तूप लागत होते. म्हणजे माणशी रोज सुमारे ५० ग्रॅम, ४५० उष्मांक. बैठे किंवा मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या प्रौढाला २० ते ३० ग्रॅम पुरेसे मानले जातात. ताटात तेल दिसत नाही, बिलात दिसते. प्रत्येक व्यापारी कुटुंबाने हा भागाकार एकदा करून पाहावा. आम्ही पुढच्या महिन्यात तेल पाच लिटरवर आणले. पहिला आठवडा कुरकुर झाली, नंतर कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

या निमित्ताने मी घरातील स्त्रीचा दिवस प्रथमच नीट पाहिला. दुकानातून येणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळ्या वेळी गरम फुलके. नातवाच्या ताटातील उरलेले टाकायचे नाही, म्हणून तिनेच संपवायचे. पाहुण्याबरोबर खायला बसायचे, कारण नाही म्हटले तर त्यांना संकोच. मला पहाटेचा एक तास चालायला मिळत होता, कारण त्या तासात चहा, डबे आणि पूजेची तयारी दुसरे कोणी करत होते. माझ्या रोजमेळात हा खर्च कुठेच नव्हता.

सात दिवसांची वही पूर्ण झाल्यावर मी ती पत्नीसमोर ठेवली. बोललो होतो सूनबाईंच्या देखत, म्हणून क्षमाही तिच्या देखतच मागितली. पत्नी वही चाळत म्हणाली, "अहो, तुमची वही सात दिवसांची आहे. माझी बावीस वर्षांची." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्याच आठवड्यात तिची रक्ततपासणी केली. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले होते. "सतत दमल्यासारखे वाटते," असे ती किती वर्षे सांगत होती आणि आम्ही ते वयावर ढकलत होतो. रोजची एक गोळी सुरू झाली. येथे वाचकांनी भलती आशा धरू नये. थायरॉइडमुळे वाढणारे वजन बहुधा थोड्या किलोंचेच असते आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. तिचे अडीच किलो कमी झाले, तेवढेच. पण थकवा गेला, जिना चढताना मध्ये थांबणे गेले. आता पहाटे आम्ही दोघे चालायला जातो. त्या वेळचा चहा आणि डबे मुलगा व सूनबाई पाहतात.

ज्यांचे वजन प्रयत्न करूनही उतरत नाही, त्यांनी थायरॉइडची तपासणी करून घ्यावी आणि चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, मानसिक आजारांवरील काही औषधे यांनी वजन वाढू शकते. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. फार घोरणे, रात्री श्वास अडकणे, अपुरी झोप यांचाही संबंध असतो. भूक कमी करणारी इंजेक्शनेही आता उपलब्ध आहेत. ती कोणाला योग्य हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

आजची शिल्लक

आज माझे वजन ७६.५ किलो आहे. मनात योजलेले ७० किलो आले नाहीत आणि बहुधा येणारही नाहीत. ८२ वरून ही घट सुमारे पावणेसात टक्क्यांची. पूर्वी मी याला अपयश म्हटले असते. परंतु अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात (२००२) मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांपुढे वजनाच्या ७ टक्के घटीचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे ध्येय ठेवले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय अभ्यासात आहार-व्यायामाने हेच प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले, आणि विशेष म्हणजे वजनात फारशी घट न होताही. काट्यावर नफा दिसला नाही, तरी तो शरीराच्या खाती जमा झालेला होता. माझी कंबर ९४ सेंटिमीटरवर आली आहे, एचबीए१सी ५.८ आहे.

बँकेत असताना न जुळणारा फरक आम्ही तात्पुरता उचंत खात्यात टाकत असू आणि शोध चालू ठेवत असू. वजनाच्या बाबतीतही मी आता तसेच करतो. राहिलेल्या नोंदी शोधतो, किराणा बिल पाहतो, चालणे सोडत नाही. आणि तरीही जो फरक उरतो, तो उचंत खाती ठेवतो. आपल्या घरात कोणी मनापासून प्रयत्न करूनही काट्यापुढे हताश उभे असेल, तर माझी एकच विनंती आहे. "तू काय खातेस?" असे विचारण्याआधी तिच्या दिवसाकडे एकदा नीट पाहा, आणि उद्या पहाटे तिच्याबरोबर चालायला निघा.